अंगणातली चूल

गिरजामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई लग्न होऊन शहापूरला आली आणि मावशी मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्याला गेली. अंगानं बारीक, चालताना किंचित पुढे झुकलेली, जणू डोक्यावर कायम मोळीच आहे. बोलायला थोडकी. आमच्याकडे आली की आई विचारायची, "काय करू गो तुला जेवायला?" मावशी म्हणायची, "काय पण कर. मला सगळं चालतं." आई चिडायची. चालतं म्हणजे काय, आवडतं काय ते सांग की. मावशी हसून दुसराच विषय काढायची. ती लाजत होती असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तिला खरोखरच सांगता येत नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं नाव दामू. खाली ओढ्याच्या कडेला भात, वर माळावर नाचणी आणि वरी, एवढी शेती. मुलगा किशोर वाशिंदला कंपनीत लागला आणि बायकोला, सारिकाला, घेऊन तिकडेच राहिला. वैशाखऱ्याच्या घरात उरली ही दोघं. भिंतीला भिंत लागून दामूकाकाच्या भावाचं घर, तिथली जनाबाई म्हणजे मावशीची जाऊ. जनाबाईच्या तोंडातून एखादी गोष्ट निघाली की ती टोकावड्याच्या बाजारापर्यंत पोचलीच म्हणून समजा.

गावाबाहेर, शेतांच्या अंगाला, एक लहानसं कौलारू घर होतं. ते आयरीनबाईंनी घेतलं. आयरीनबाई मुंबईच्या, गिरगावातल्या ख्रिस्ती. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या, लग्न केलं नाही, आणि नोकरी संपल्यावर इकडे येऊन राहिल्या. गावातल्या लोकांना याचं फार नवल. मुंबई सोडून इथं कोण येतं? बाई सांगायच्या, "आयुष्यभर फिनेलचा वास घेतला. आता गवताचा घ्यायचाय." मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, फक्त मधूनच एखादा इंग्रजी शब्द, तोही रागावल्या तर.

मावशी त्यांच्याकडे झाडलोट करायला जायला लागली. मग पाणी भरायला. बाईंची बोटं वातानं वाकडी होत चालली होती, त्यामुळे हळूहळू चिरणं, कुटणं, पीठ मळणंही मावशीकडे आलं. बाईंना तांदळाच्या भाकरी आवडायच्या. मावशीला त्यांच्या घरातला रेडिओ आवडायचा. दोघींचं छान जमलं होतं.

बाईंचा एक भाचा मुंबईहून कधीमधी गाडी घेऊन यायचा. एकदा येताना त्यानं बर्फ घातलेली पेटी आणली. बाईंनी मावशीला बोलावून सरळच सांगितलं, "गिरजा, यात डुकराचं मटण आहे. चॉप्स. तुला चालायचं नाही, मला ठाऊक आहे. तू त्याला हात लावू नको. मला फक्त कांदे चिरून दे. माझ्यानं सुरी धरवत नाही."

मावशीच्या डोळ्यांपुढे आली ती मुरबाडच्या बाजारामागच्या गटारात लोळणारी डुकरं. पण कांदे चिरायला काय हरकत? ती ओटीवर बसली आणि चिरत राहिली. बाई म्हणाल्या आणखी चीर, तिनं आणखी चिरले. एवढा कांदा तिनं लग्नकार्यातच चिरला असेल.

आत बाईंनी कढई तापवली. चॉप म्हणजे बरगडीच्या हाडासकट कापलेला जाड तुकडा, कडेला चरबीची पांढरी किनार. आलं-लसूण, मिरपूड आणि व्हिनेगर लावून त्यांनी ते आधीच मुरवत ठेवले होते. कढईत टाकल्याबरोबर चर्र आवाज झाला आणि वास ओटीवर आला. मावशीनं पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं तोच वास बदलला, कारण तुकडे बाजूला काढून बाईंनी त्याच चरबीत कांदा टाकला होता. मावशीनं पदर काढला. कशासाठी काढला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी गेल्यावर ती दामूकाकाला एवढंच म्हणाली, "बाईकडं आज कांदे चिरले. लय चिरले."

असं वर्षभर चाललं. मावशी कांदे चिरायची, बाई शिजवायच्या. मावशीला त्या रांधण्याची रीत बघून बघून पाठ झाली. कांदा घाई न करता मंद विस्तवावर तांबूस होऊ द्यायचा, करपू द्यायचा नाही. त्यावर चमचाभर मैदा भुरभुरून परतायचा, मग पाणी, मग पुन्हा थोडं व्हिनेगर, आणि त्या दाट रश्शात चॉप्स परत सोडून वर झाकण. ही रीत बाईंच्या आईची नव्हती. आई वर्षाचा कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला बाटली मसाला घालून लालभडक करायची. हे कांद्याचं बाई नर्सांच्या क्वार्टरमध्ये शिकल्या होत्या, एका मैत्रिणीकडून. ती मैत्रीण कुठे आहे, असं मावशीनं एकदा विचारलं. "वर," बाई म्हणाल्या आणि कढईकडे बघत राहिल्या.

मग साथीचं वर्ष आलं. बाईंना ताप आला. मावशी तोंडाला फडकं बांधून दाराशी पेज ठेवायची आणि ओटीखाली उभी राहून हाक मारायची. बाई त्यातून उठल्या. बारीक झाल्या, पण उठल्या. पुढच्या वर्षी ईस्टरला भाचा, त्याची बायको आणि मुलं आली. बाईंनी मोठ्या हौसेनं चॉप्स केले.

जेवायला बसल्यावर धाकट्या मुलीनं पहिला घास ताटातच थुंकला. भाच्यानं कसाबसा एक तुकडा गिळला, पाणी प्याला आणि हसत म्हणाला, "आँटी, समुद्र ओतलास की काय आत?" सगळे हसले. बाईही हसल्या. पाहुण्यांनी भात आणि अंडी खाल्ली आणि दुपार कलताना ते निघून गेले.

मावशी भांडी आवरायला आत आली तेव्हा बाई तिथेच टेबलाशी बसल्या होत्या. रश्शात बोट बुडवायच्या, चाखायच्या, पुन्हा बुडवायच्या.

"काय झालं बाई?"

"मला काहीच कळत नाही गं," बाई म्हणाल्या. "ना वास, ना चव. तापापासून. येईल येईल म्हणून गप्प बसले. मीठ दोनदा घातलं असणार, मला समजलंच नाही." मग म्हणाल्या, "वॉर्डात पेशंट म्हणायचे, सिस्टर, तोंडाला चव नाही. मी म्हणायची, येईल हो, जेवा. किती सहज म्हणायची."

मावशीनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून बाईंचं ते बुडवलेलं बोट हललं नाही, असं तिनं मला पुढे सांगितलं.

भाचा पुन्हा पेटी घेऊन आला तेव्हा बाईंनी ती उघडलीच नाही. म्हणाल्या, "परत घेऊन जा. कुणासाठी करायचं?" भाचा पेटी ठेवून गेला. मावशी कांदे चिरून बसली होती. ती उठली, पेटी उघडली आणि तुकडे परातीत काढले. बोटांना ते गार, गुळगुळीत लागलं. बकऱ्याच्या मटणाहून वेगळं असं तिला त्यात काही वाटलं नाही.

"अगं, तुला चालणार नाही ना?"

"तुमी बसा खुर्चीत. मी करते. काय चुकलं तर सांगा."

चुकलं काहीच नाही. शेवटी झाकण काढून मावशीनं डावात थोडा रस्सा घेतला, फुंकला आणि तोंडाला लावला. घरच्या देवाची मनातल्या मनात माफी मागितली, असं ती सांगते. मग म्हणाली, "मीठ पायजे थोडं."

"घाल. आणि कसं झालंय?"

"बरं झालंय."

"बरं म्हणजे? गिरजा, मला कळत नाही म्हणून तर विचारते. सांग ना. गोड आहे? तिखट? कसं लागतंय?"

जन्मभरात मावशीला हा प्रश्न कुणी केला नव्हता. स्वैपाकात ती फक्त मीठ बघायची, आणि ते बरोबर असलं की विषय संपायचा. तिनं पुन्हा डाव बुडवला. या वेळी घोट तोंडात ठेवला.

"गोड हाय," ती म्हणाली. "पण गुळासारखं नाय. कांदा जळायच्या आदी जसा गोड होतो, तसं. मागून आंबट येतं. कैरीवानी झोंबत नाय, जुन्या चिंचंवानी येतं. आन मग मिरी."

बाईंनी डोळे मिटले होते. "आणि मांस?"

मावशीनं तुकड्याची कड तोडली. घास तोंडात गेला आणि किनारीची चरबी विरघळली. तिनं आणखी एक कड तोडली.

"गिरजा?"

"थांबा," मावशी म्हणाली. "खाते."

त्या दिवसापासून दोघींची रीतच पडली. मावशी रांधायची, बाईंच्या समोर बसून चाखायची आणि कसं लागतंय ते सांगायची. बाई ते ऐकत ऐकत जेवायच्या. म्हणायच्या, तू सांगतेस तेव्हा आठवतं मला, जिभेवर नाही, पण डोक्यात कुठेतरी येतं. फक्त चॉप्सच नाही, मग सगळंच. आमटी, वांगं, रानातली कंटोली. माझी मुकी मावशी गवतात पडलेलं सोनं वेचावं तसे शब्द शोधायला लागली. एकदा बाई म्हणाल्या, "तुला सगळ्यात काय आवडतं गं?" आणि मावशीनं पटकन उत्तर दिलं, "हेच. डुकराचं. कांद्यातलं." आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात ठेवला.

ही गोष्ट लपवता आली असती. बाईंच्या घरात जे शिजतं ते कोण बघायला येणार? पण मावशीला ते पेलवेना. रोज देवाला फूल वाहताना हात अडखळायला लागला. एका संध्याकाळी दामूकाका बैल बांधून ओटीवर टेकला तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मी बाईकडं डुकराचं खाते. आज नाय, मागंपासून. मला आवडतं."

दामूकाका मारकुटा नाही, शिवीगाळ करणारा नाही. एवढंच म्हणाला, "देवाला तू आता हात लावू नको." उठला आणि भावाच्या घरी जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्याही. आवणीचे दिवस होते. दोघं एकाच वाफ्यात चिखलात वाकून शेजारीशेजारी रोपं लावायची, पण भाकरी सोडताना तो बांधाच्या त्या टोकाला, जनाबाईनं दिलेलं फडकं उघडून. मावशी या टोकाला. जनाबाईला तर आयतंच सापडलं. विहिरीवर ती म्हणायची, "गटारातलं खाती, आन आमच्या घड्याला घडा लावती." एकदोघींनी मावशीच्या शेजारी घडा ठेवायचं सोडलं. बाकीच्या तशाच राहिल्या. त्यांना स्वतःची कामं होती.

माझी आई समजावायला गेली तेव्हा मी बरोबर होते. आईनं समजूत कसली घालायची, तीच भडकलेली. "तुला काय कमी पडलं गो जेवायला? कोंबडी हाय, सुकट हाय, बोंबील हाय. हे कुठलं खूळ घेतलंस?"

"कमी नाय पडलं," मावशी म्हणाली. "आवडलं."

"आवडलं म्हणून काय पण खायचं? नवरा बाहेर जेवतो तुझा!"

मावशी तांदूळ पाखडत होती. सूप तसंच धरून म्हणाली, "ताई, मी किशोरच्या बापाला जे आवडतं ते केलं. किशोरला आवडतं ते केलं. सासूला आवडायचं ते केलं. मला कशाचं काय नव्हतं. मला वाटायचं, मला आवड म्हणून काय नायच दिली देवानं. आता एक गोष्ट सापडली. ती पण टाकू?"

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. सरळगाव मागे पडलं तेव्हा एकदम म्हणाली, "मला काय आवडतं गो, सनेल?" मी म्हटलं, "तुला ओल्या बोंबलाचं कालवण." तिला बरं वाटलेलं दिसलं.

त्या पावसाळ्यानंतर बाई घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. भाचा त्यांना मुंबईला घेऊन गेला. जाताना गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या पडूनच त्यांनी मावशीचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी आले की करू." मावशी रोज जाऊन ते घर झाडत राहिली. झाडायचं काही नव्हतं, तरी झाडायची. पुढे एका दुपारी भाच्याचा फोन आला. बाई गेल्या होत्या. आदल्या दिवशी मातीही झाली होती.

मावशी रडली नाही. चूल पेटवली, भात लावला. दामूकाका त्या दिवशी भावाकडे गेला नाही. दारात उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "वाढ." तिनं वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवली. पण देवाजवळ ती गेली नाही, आणि त्यानंही जा म्हटलं नाही.

बाईंच्या घराला कुलूप लागलं, पुढे ते कुणीतरी विकत घेतलं. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मावशीचा मला फोन आला. मी शहापूरला एका औषधाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक समोर होतं. मावशी विचारत होती, "सनेल, कल्याणला डुकराचं मिळतं का गो?"

मला आधी हसू आलं. मग तिचा आवाज नीट ऐकू आला आणि हसू गेलं. मी म्हटलं, "मिळत असेल. बघते."

सुट्टीच्या दिवशी मी मुरबाडला गेले, ती तिथं स्टँडवर उभीच होती. काखेत स्टीलचा मोठा डबा, फडक्यात बांधलेला. कल्याणला आम्ही विचारत विचारत एका दुकानात पोचलो. आत मोठमोठे फ्रीज, काउंटरवर एक पोरगा मोबाइल बघत बसलेला. मावशीच्या नऊवारीकडे आणि कुंकवाकडे बघून तो हिंदीत म्हणाला, "मौसी, चिकन बाजूवाली दुकान में." मावशी म्हणाली, "चिकन नको. चॉप्स पायजेत. हाडासकट. आन ती पांढरी कड कापू नको, ऱ्हाऊ दे." पोरानं मोबाइल खाली ठेवला. निघताना बर्फाचे खडे त्यानं स्वतःहून डब्यात भरून दिले.

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. दामूकाका ओटीवर दोर वळत बसला होता. डबा बघून त्याला समजलंच.

"घरात नको हां," तो म्हणाला.

"घरात नाय आणत."

तिनं अंगणाच्या कडेला, आंब्याखाली, तीन दगड मांडले. बाईंच्या घरून भाच्यानं आठवण म्हणून दिलेली जाड बुडाची कढई वेगळी ठेवलेली होती, ती आणली. मी कांदे सोलायला बसले. जनाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली, पदर नाकाला लावला आणि आत गेली. पण दार लावलं नाही.

तुकडे तापल्या कढईत पडले. दामूकाकाचे हात दोरावर थांबले. मावशीनं त्याच्याकडे न बघताच विचारलं, "आठवतं का?"

"काय?"

"मी नवी नवरी होते. तुमी सगळे बापे रानात जायचे. डुक्कर मारायचे. तवा मारायचे, आता बंदी हाय. तिकडंच भाजून खायचे, घरात आणायचे नाय. मग ओढ्यावर आंघोळ करून घरात यायचे. सासूबाई ऊन पाणी काढून ठेवायच्या तुमच्यासाठी. हाताला वास यायचा, साबण लावला तरी यायचा. मी इचारलं होतं तुमाला, कसं लागतं म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"तुमी हसलात. बायकांनी नाय इचारायचं म्हणालात."

दामूकाकानं दोराचा पीळ पुन्हा घट्ट केला. "ते रानातलं," तो म्हणाला. "मुळं खाणारं. हे निराळं."

"निराळं असंल. पण तुमी खाऊन आंघोळ करून घरात यायचे, देवाला हात लावायचे. मला पण ओढा हाय. मी पण आंघोळ करीन."

मला वाटलं, आता तो उठून जाणार. तो उठला, पण गेला नाही. गोठ्यामागून सुकी लाकडं आणून त्यानं मावशीच्या हाताशी ठेवली, कारण चुलीतलं ओलं होतं आणि धूर कढईवर येत होता. मग तिथंच दगडावर बसला.

कांदा तांबूस व्हायला लागला. हळूच म्हणाला, "आमी कांदा नाय घालायचो. नुसतं मीठ-मिरची. कांदा कुठला रानात?"

"आमाला काय ठाऊक. आमाला दिलं कधी?"

"नाय दिलं," दामूकाका म्हणाला. "बायांना द्यायचं, असं कुणाच्या मनातच नाय आलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "खरंच नाय आलं."

मावशीनं झाकण ठेवलं. तिनं त्याला खाणार का म्हणून विचारलं नाही, त्यानंही मागितलं नाही. म्हणाला, वास पोचला तेवढा पुरे, या वयात नवीन काय नको. तिनं दोन चॉप्स आणि वर ढीगभर कांदा ताटलीत घेतला, तांदळाची भाकरी मोडली आणि आंब्याच्या मुळावर बसून जेवली. सावकाश जेवली. हाडाला चिकटलेलंही सोडलं नाही. मी तिला इतका वेळ बसून जेवताना पहिल्यांदाच बघत होते. नाहीतर एरवी ती उठबस करतच खायची. याला पाणी दे, त्याला भात वाढ.

मग कढई राखेनं घासून पालथी घातली, आणि ती ओढ्यावर गेली. परतली तेव्हा केस ओले होते, लुगडं दुसरं होतं. दामूकाकानं अंगणातल्या जास्वंदीची फुलं खुडून ठेवली होती. त्यानं ती तिच्या ओंजळीत टाकली आणि मान घराच्या दिशेनं हलवली. मावशी आत देवाजवळ गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मावशी वर्षातून तीनचार वेळा अंगणात तीन दगड मांडते. कधी मी डबा घेऊन जाते, कधी किशोर कल्याणवरून आणतो. त्यानं आधी नाक मुरडलं होतं, पण मावशीनं फोनवर विचारलं की त्याला नाही म्हणता येत नाही. सारिकानं सासूची रीत उचलली आणि कोंबडीवर केली. वाशिंदच्या बिल्डिंगीत आता तिच्या कांद्याच्या कोंबडीचं नाव आहे. जनाबाई अजून पदर नाकाला लावते. विहिरीवरचं बोलणं मात्र आटलंय. एक तर ते जुनं झालं, आणि दुसरं म्हणजे मावशी त्यावर काहीच म्हणत नाही. नुसती ऐकते आणि घडा उचलून चालू लागते.

मध्यंतरी मी गेले तेव्हा तिनं माझ्यापुढेही ताटली सरकवली. तोवर मी नुसते कांदेच सोलले होते. म्हणाली, "बघ खाऊन. जबरदस्ती नाय." मी एक तुकडा रश्शात घोळवून खाल्ला. कांदा छान लागला. चरबी मात्र तोंडात फिरायला लागली आणि मी ती गुपचूप गिळली. मावशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"मावशी, खरं सांगू? मला नाय आवडलं."

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. पण तिचा चेहरा असा खुलला की ज्याचं नाव ते.

"बरं झालं," ती म्हणाली. "दे इकडं ती ताटली."